पर्ल स्ट्रीटवरील ५४ क्रमांकाचे घर : त्यात जुने किती उरले आहे?

वाटसरू :

गेली काही वर्षे माझे वास्तव्य जर्सी सिटीत आहे आणि कामानिमित्त मला रोज हडसन नदी ओलांडून मॅनहटनच्या दक्षिण टोकाला जावे लागते. तेथे पर्ल स्ट्रीट आणि ब्रॉड स्ट्रीट जेथे मिळतात त्या कोपऱ्यावर, काचेच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी, उतरत्या छपराचे एक विटांचे घर उभे आहे. खाली उपाहारगृह, वर संग्रहालय आणि दारावर ‘फ्रॉन्सिस टॅव्हर्न’ ही पाटी. मॅनहटनमधील सर्वांत जुनी उभी वास्तू म्हणून तिची ख्याती सांगितली जाते. या दाव्यात तथ्य किती, हे पाहण्याच्या निमित्ताने मी या घराविषयी जे वाचले ते येथे मांडतो. जाणकारांनी भर घालावी आणि जेथे चूक असेल तेथे दुरुस्ती करावी.

प्रथम जागेविषयी. पर्ल स्ट्रीट ही डच काळातील मूळ किनाऱ्याची रेषा होय. किनाऱ्यावर साचणाऱ्या कालवांच्या शिंपल्यांमुळे रस्त्याला हे नाव मिळाले. आज त्याच्या पलीकडे वॉटर स्ट्रीट, फ्रंट स्ट्रीट, साउथ स्ट्रीट असे एकामागून एक रस्ते लागतात. ते सगळे समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर आहेत, आणि ज्याने मुंबईचा नकाशा पाहिला आहे त्याला ही रीत निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. कोपऱ्यावरील ही जागा व्हॅन कॉर्टलँड या डच घराण्याची होती. त्या घराण्यातील ॲन हिच्याशी १७०० साली स्टीफन डिलान्सी याचा विवाह झाला आणि जागा जावयाकडे आली. डिलान्सी मूळचा फ्रान्सचा. तो प्रोटेस्टंट पंथाचा असल्यामुळे देश सोडून आला आणि न्यूयॉर्कच्या धनाढ्य व्यापाऱ्यांत जाऊन बसला. १७१९ साली त्याने येथे घर बांधले. पुढे घराण्याच्या व्यापारी पेढीने त्याचा वापर कचेरी आणि वखार म्हणून केला, आणि १७६२ साली वारसांनी ते सॅम्युएल फ्रॉन्सिस नावाच्या गृहस्थाला विकले.

फ्रॉन्सिसने त्याचे टॅव्हर्न केले आणि दारावर राणी शार्लटचे चित्र लावले. तिसऱ्या जॉर्जशी तिचा विवाह होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. म्हणून या जागेचे पहिले नाव ‘क्वीन्स हेड’, म्हणजे राणीचे मस्तक. ज्या घरात पुढे राजाची सत्ता संपल्याचे प्याले उंचावले गेले, त्याच्या दारावर आरंभी त्याच राजाची राणी होती. डिलान्सी घराण्याचे नशीब तर याहूनही चमत्कारिक. अमेरिकन क्रांतीच्या वेळी ते इंग्लंडच्या राजाशी निष्ठ राहिले, त्यांच्या जमिनी जप्त झाल्या आणि शहरात त्यांचे नाव आज उरले आहे ते मुख्यतः डिलान्सी स्ट्रीट या रस्त्याच्या रूपाने. त्यांनी बांधलेले घर मात्र क्रांतीचे स्मारक होऊन बसले.

घराच्या कीर्तीचे मूळ ४ डिसेंबर १७८३ या एका दुपारी आहे. इंग्रज सैन्य २५ नोव्हेंबरला शहर सोडून गेले होते. त्या संध्याकाळी न्यूयॉर्कचे गव्हर्नर क्लिंटन यांनी याच ठिकाणी मेजवानी दिली आणि १३ राज्यांच्या हिशेबाने १३ वेळा प्याले उंचावले गेले. नऊ दिवसांनी जॉर्ज वॉशिंग्टन याने वरच्या मजल्यावरील लांब दालनात आपल्या अधिकाऱ्यांचा निरोप घेतला. त्याने प्याला भरला, थोडे शब्द बोलला आणि प्रत्येकाने जवळ येऊन हात हातात घ्यावा अशी विनंती केली. सर्वांत जवळ हेन्री नॉक्स उभा होता. त्याला आलिंगन देताना वॉशिंग्टनच्या डोळ्यांत पाणी आले आणि मग एकेक जण पुढे होत गेला. तेथून तो चालत व्हाइटहॉलच्या धक्क्यावर गेला आणि नावेतून पौलस हूकला उतरला. पौलस हूक म्हणजे आजची जर्सी सिटी. मी रोज सकाळी जो प्रवास करतो, तोच त्याने उलट दिशेने केला होता, हे कळल्यापासून त्या घरावरून जाताना माझी पावले थोडी मंदावतात.

शीर्षकातला प्रश्न मात्र अजून तसाच आहे. वॉशिंग्टन ज्या घराचा जिना उतरला, ते आणि आज दिसते ते घर एकच आहे का?

कंदील :

लेख आवडला. एक मूलभूत शंका आहे. टॅव्हर्न म्हणजे नेमके काय समजावे? आपल्याकडे दारूचे दुकान म्हटले की जे चित्र उभे राहते, तेथे गव्हर्नर मेजवानी देईल किंवा सेनापती निरोप घेईल ही कल्पनाच करवत नाही. मराठीत त्याला कोणता शब्द वापरावा?

मोडीवाचक :

एकच मराठी शब्द पुरणार नाही, कारण ती संस्थाच आपल्याकडे त्या रूपात नव्हती. ‘गुत्ता’ हा शब्द आज केवळ दारूच्या अड्ड्यासाठी उरला असला तरी त्याचा मूळ अर्थ मक्ता असा आहे. दारूविक्रीचा मक्ता दिला जाई, म्हणून त्या दुकानाला गुत्ता म्हणू लागले. मराठवाड्यात आजही रस्त्याचे किंवा इमारतीचे काम घेणाऱ्याला गुत्तेदार म्हणतात आणि त्यात कोणाला मद्याचा वास येत नाही. मुंबईत ‘पिठा’ हा शब्द होता. सराई किंवा धर्मशाळा म्हटले तर मुक्काम येतो, पण पेय निघून जाते, आणि खानावळीत जेवणापलीकडे काही नसते. इंग्रजी वसाहतीतल्या टॅव्हर्नमध्ये हे सगळे एका छपराखाली असे.

जवळचा नातेवाईक शोधायचा तर तो गोव्यात सापडेल. तेथील ‘तावेर्न’ हा शब्द पोर्तुगीज ‘ताव्हेर्ना’वरून आलेला आहे, आणि इंग्रजी ‘टॅव्हर्न’ व पोर्तुगीज ‘ताव्हेर्ना’ या दोन्ही शब्दांचे मूळ एकाच लॅटिन शब्दात आहे. गोव्याच्या गावांत घराच्या पुढच्या खोलीत चार बाके टाकून फेणी विकणारी तावेर्ने असत आणि काही अजूनही आहेत. मालक त्याच घरात मागे राहतो, म्हणजे राहते घर आणि मद्यालय यांत भिंत एकच. न्यूयॉर्कच्या मानाने त्यांचा पसारा अगदी लहान, परंतु गावातल्या बातम्या आणि भांडणे दोन्हींचा निकाल तेथेच लागतो, हे साम्य महत्त्वाचे आहे.

वाटसरू :

मोडीवाचक यांचे आभार. त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक सभागृहे फारशी नव्हती, त्यामुळे ज्याच्याकडे मोठे दालन असे त्या टॅव्हर्नवाल्याकडे शहराचा अर्धा कारभार चाले. तेथे लोक वर्तमानपत्रे वाचत, व्यापाराचे सौदे ठरत, मंडळांच्या बैठका आणि नाचाचे कार्यक्रम होत, आणि मोठ्या कटोऱ्यातून पंच हे पेय व मदिरा बेटाची वाइन दिली जाई. १७६८ साली वीस व्यापाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना केली ती याच घरात. पुढच्या काळात राजाच्या धोरणांना विरोध करणाऱ्यांच्या बैठकाही येथे होऊ लागल्या. स्वतः फ्रॉन्सिस उत्तम आचारी होता, विशेषतः गोड पदार्थांसाठी त्याचे नाव होते. शिवाय व्हॉक्सहॉल नावाच्या बागेत त्याने मेणाचे पुतळेही प्रदर्शनात मांडले होते. एकंदरीत गृहस्थ हुन्नरी होता.

घराच्या भिंतींनी युद्धही पाहिले. ऑगस्ट १७७५ मध्ये शहरातील बंडखोर बॅटरीवरील, म्हणजे मॅनहटनच्या दक्षिण टोकावरील मोर्चातील, तोफा ओढून नेत असताना बंदरातील ‘एशिया’ या इंग्रज युद्धनौकेने मारा केला आणि एक गोळा या घराच्या छपरातून आत शिरला. फिलिप फ्रेनो या कवीने त्यावर विनोदी ओळीही लिहिल्या. आजचे छप्पर पाहताना त्या गोळ्याची खूण कोणी शोधू नये, कारण ते छप्पर केव्हाच नाहीसे झाले आहे. त्याविषयी पुढे लिहितो.

निशिगंध :

धागा वाचते आहे. वॉशिंग्टनच्या निरोपाचा प्रसंग सर्वत्र सांगितला जातो आणि तो हृद्य आहेच. परंतु त्याच वर्षी, त्याच घरात, मे ते नोव्हेंबर या काळात दर बुधवारी जे घडत होते ते मूळ लेखात आलेले नाही. माझ्या मते या वास्तूच्या इतिहासातील तेच सर्वांत वजनदार पान आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

युद्धकाळात इंग्रजांनी जाहीर केले होते की बंडखोर मालकांकडून पळून आपल्या बाजूला येणाऱ्या गुलामांना स्वातंत्र्य मिळेल. त्या वचनावर विसंबून हजारो माणसे आली आणि युद्धाच्या अखेरीस त्यांपैकी पुष्कळ जण न्यूयॉर्कमध्ये एकवटली होती. युद्ध संपवणाऱ्या इंग्लंड-अमेरिका तहाच्या सातव्या कलमात मात्र असे आले की इंग्रजांनी माघार घेताना अमेरिकनांचे ‘निग्रो अथवा अन्य मालमत्ता’ सोबत नेऊ नये. शहरात मालक आणि त्यांचे हस्तक आपली ‘मालमत्ता’ शोधत फिरू लागले. इंग्रज सरसेनापती गाय कार्लटन याने भूमिका घेतली की तहापूर्वी ज्यांना स्वातंत्र्याचे वचन दिले गेले ती माणसे तहाच्या दिवशी कोणाची मालमत्ताच नव्हती, त्यामुळे ते कलम त्यांना लागू होत नाही. मे १७८३ मध्ये टॅपन येथे वॉशिंग्टन आणि कार्लटन यांची भेट झाली तेव्हा वॉशिंग्टनने या माणसांना परत देण्याचा आग्रह धरला होता. कार्लटनने नकार दिला, मात्र प्रत्येकाची नोंद ठेवण्याचे मान्य केले.

त्यानंतर वादग्रस्त प्रकरणे ऐकण्यासाठी एक मंडळ नेमले गेले आणि त्याच्या बैठका फ्रॉन्सिसच्या टॅव्हर्नमध्ये भरत. एका बाजूला हक्क सांगणारा मालक, दुसऱ्या बाजूला आपण केव्हा आणि कोणत्या घोषणेनुसार इंग्रजांकडे आलो हे सांगणारी स्त्री किंवा पुरुष. ज्याचे म्हणणे मान्य झाले त्याला ब्रिगेडिअर जनरल सॅम्युएल बर्च याच्या नावाचा दाखला मिळे आणि जहाजावर चढता येई. म्हणून या सुनावण्यांना बर्चच्या नावाने ओळखतात. अशा सुमारे ३,००० माणसांची नोंद एका वहीत आहे : नाव, वय, दोन-चार शब्दांत वर्णन, पूर्वीचा मालक कोण आणि जहाज कोणते. बहुतेक जण कॅनडातील नोव्हा स्कोशियाला गेले. त्या वहीत हॅरी वॉशिंग्टन नावाचा एक माणूस आहे. तो जॉर्ज वॉशिंग्टनच्याच माउंट व्हर्नन येथील मळ्यातून १७७६ साली पळालेला गुलाम होता. पुढे तो आफ्रिकेत सिएरा लिओनला पोहोचला.

म्हणजे ज्या घरात सेनापतीच्या डोळ्यांत पाणी आले, त्याच घरात काही दिवस आधीपर्यंत त्याच्यासारख्याच मालकांपासून सुटलेली माणसे आपली सुटका सिद्ध करत होती. डिसेंबरच्या दुपारीच लोकांनी घर ओळखावे आणि बुधवार दीर्घकाळ मागे पडावेत, याचे कारणही उघड आहे. निरोप घेणारे या देशात राहिले आणि त्यांनी आठवणी लिहिल्या. बुधवारची माणसे जहाजाने निघून गेली.

शंकेखोर :

निशिगंध यांच्या प्रतिसादाला जोडून एक प्रश्न. फ्रॉन्सिस स्वतः कृष्णवर्णीय होता असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. त्याच्या मुलीने वॉशिंग्टनला विषप्रयोगातून वाचवले अशीही कथा आहे. यात खरे किती?

निशिगंध :

दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतील. त्याला ‘ब्लॅक सॅम’ असे टोपणनाव होते हे खरे. त्यावरून, आणि तो वेस्ट इंडीजकडून आला या समजावरून, तो आफ्रिकी वंशाचा होता असे एक मत रूढ झाले. दुसऱ्या बाजूला १७९० च्या जनगणनेत त्याची नोंद मुक्त गोरा पुरुष अशी आहे आणि त्याच्याकडे गुलाम होते. टोपणनावावरून वंश ठरवणे मला धोक्याचे वाटते. आपल्याकडेही एखाद्याला ‘काळ्या’ म्हणत असल्यामुळे काही सिद्ध होत नाही.

त्याचे म्हणून जे तैलचित्र दीर्घकाळ दाखवले जात होते, त्याने या वादात आणखी भर घातली. केसांवर पांढरी पूड घातलेला तो गोरा गृहस्थ फ्रॉन्सिस नव्हेच, तर प्रशियाच्या फ्रेडरिक द ग्रेट याच्या दरबाराशी संबंधित कोणी आहे, असे २०१७ साली एका जर्मन इतिहाससंशोधकाने दाखवून दिले. त्यामुळे त्या चित्राच्या आधारे दोन्ही बाजूंनी जे काही म्हटले गेले ते बाद ठरते.

मुलीची कथा मात्र निव्वळ रचलेली आहे. कथेत त्या मुलीचे नाव फीबी आहे, पण फीबी नावाची त्याची मुलगी नव्हती. वॉशिंग्टनविरुद्धच्या कटाच्या संदर्भात थॉमस हिकी या त्याच्या अंगरक्षक दलातील सैनिकाला जून १७७६ मध्ये फाशी झाली, इतका कथेचा गाभा खरा. आपण हा कट उघडकीस आणला असा दावा फ्रॉन्सिसने पुढे काँग्रेसला केलेल्या अर्जात केला होता. त्यातून विषारी वाटाणे आणि शूर कन्या असे सगळे नंतर वाढत गेले असावे.

चुनागच्ची :

मी वास्तुरचनाकार आहे, जुन्या इमारतींच्या डागडुजीचे काम करतो. मूळ प्रश्नाला उत्तर द्यायचे तर थोडे स्पष्ट बोलावे लागेल.

फ्रॉन्सिसने हे घर १७८५ साली विकले. १७८५ ते १७८८ या काळात ते नव्या राष्ट्राच्या सरकारने भाड्याने घेतले होते, आणि परराष्ट्र, कोष व युद्ध या खात्यांच्या कचेऱ्या तेथे होत्या. युद्धखात्याचा प्रमुख होता तोच हेन्री नॉक्स, ज्याने वॉशिंग्टनला पहिले आलिंगन दिले होते. त्यानंतर घराचा इतिहास सामान्य झाला. एकोणिसाव्या शतकात तेथे भाडेकरूंच्या खोल्या होत्या आणि खाली मद्यालय होते. १८३२, १८३७ आणि १८५२ अशा तीन आगी लागल्या. प्रत्येक वेळी डागडुजी करताना रूप बदलले, मजले चढले, आणि शतकाच्या अखेरीस ती सपाट धाब्याची पाच मजली इमारत झाली होती. १८९० मध्ये तळमजला रस्त्याच्या पातळीला उतरवला गेला आणि निघालेली जुनी लाकडे आठवण म्हणून विकली गेली. मूळ घराचे कोणतेही रेखाचित्र उपलब्ध नव्हते.

१९०७ साली विल्यम मर्सरो या वास्तुरचनाकाराने पुनर्बांधणी केली तेव्हा त्याच्या हातात होते ते भिंतींचे उरलेले भाग आणि काम करताना सापडलेली जुन्या छपराच्या उताराची खूण. बाकीच्यासाठी त्याने यॉंकर्स येथील फिलिप्स मॅनर हाउस नमुना म्हणून घेतले. म्हणजे दुसऱ्याच घराकडे पाहून याचा चेहरा काढला. तो वाईट काढला असे मी म्हणत नाही. परंतु याला जतन म्हणता येणार नाही. भिंतीत काही विटा १७१९ च्या असतील, पण खिडक्यांची मांडणी, कठडा, दार आणि आतले प्रसिद्ध दालन हे बहुतांशी विसाव्या शतकाच्या आरंभीचे अनुमान आहे. मॅनहटनमधील सर्वांत जुनी वास्तू हा किताब मी तरी देणार नाही.

वाटसरू :

तुमचा मुद्दा मान्य आहे, आणि मी शीर्षकात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात बरेचसे आले. तरीही त्या पुनर्बांधणीच्या मागची एक गोष्ट नोंदवण्याजोगी वाटते.

निरोपाचे जे वर्णन मी वर दिले ते बेंजामिन टॉलमेज या अधिकाऱ्याच्या आठवणींतून आले आहे. तो युद्धकाळात वॉशिंग्टनच्या हेरखात्याचे काम पाहत असे आणि त्या दुपारी तो दालनात हजर होता. आठवणी त्याने पुष्कळ वर्षांनी, वृद्धपणी लिहिल्या. १९०० च्या सुमारास इमारत पाडण्याची वेळ आली तेव्हा इतिहासप्रेमी संस्थांनी, विशेषतः क्रांतिकारकांच्या वंशज स्त्रियांच्या संस्थेने, विरोध केला. १९०४ मध्ये ‘सन्स ऑफ द रेव्होल्यूशन’ या संस्थेने ती विकत घेतली, आणि त्यासाठी लागलेला पैसा मुख्यतः फ्रेडरिक सॅम्युएल टॉलमेज याच्या मृत्युपत्रातून आला. हा फ्रेडरिक बेंजामिनचा नातू. आजोबांनी प्रसंग कागदावर उतरवला नसता तर घराला काही महत्त्व उरले नसते, आणि नातवाने पैसा ठेवला नसता तर विटाही उरल्या नसत्या. त्यामुळे मर्सरोने १७१९ चे डिलान्सीचे घर उभे केले असे मला वाटत नाही. त्याने टॉलमेजच्या आठवणीतले घर उभे केले. निशिगंध यांनी सांगितलेल्या बुधवारांसाठी असा नातू कोणी नव्हता.

आता ती १९०७ ची इमारतसुद्धा शंभरी ओलांडून गेली आहे आणि १९६५ पासून शहराच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. अनुमानही पुरेसे जुने झाले की वारसा होतो, असे दिसते.

शंकेखोर :

शेवटचे वाक्य सोयीचे आहे, पण मला पटत नाही. अनुमान जुने झाले म्हणून ते पुरावा होत नाही. पाटीवर ‘१९०७ ची पुनर्बांधणी’ एवढे तीन शब्द ठळकपणे असले तर माझी तक्रार मिटेल.

चुनागच्ची :

शंकेखोर यांच्याशी सहमत. मात्र १९०७ नंतर त्या घराने जे भोगले ते अनुमान नव्हे, हेही लिहायला हवे. २४ जानेवारी १९७५ रोजी दुपारी जेवणाच्या वेळी तेथे बॉम्बस्फोट झाला. त्यात चार माणसे ठार झाली आणि पन्नासहून अधिक जखमी झाली. प्वेर्तो रिकोच्या स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या एफएएलएन या सशस्त्र गटाने जबाबदारी घेतली. वसाहतीच्या मुक्तीचे प्रतीक मानलेल्या घरावर दुसऱ्या एका मुक्तीच्या नावाने हल्ला झाला. मेलेली माणसे त्या वेळी जेवायला बसली होती.

कंदील :

सर्वांचे आभार. गेल्या महिन्यात बहिणीकडे एडिसनला गेलो होतो, तेव्हा हा धागा वाचून मुद्दाम तेथे जाऊन आलो. लांब दालन पाहिले. टेबलावर मांडलेल्या बशा आणि प्याले पाहताना चुनागच्ची यांचे शब्द सतत कानांत होते, त्यामुळे भारावून जाणे जमले नाही.

परंतु रस्त्याच्या पलीकडे, ८५ ब्रॉड स्ट्रीटच्या उंच इमारतीपाशी, जे दिसले ते अनपेक्षित होते. तेथे पदपथातच काचेची झडप बसवली आहे आणि तिच्याखाली दगडी पायाचा तुकडा व जुनी विहीर दिसते. १९७९-८० च्या उत्खननात सापडलेले हे अवशेष गव्हर्नर लव्हलेस याने १६७० साली बांधलेल्या टॅव्हर्नचे आहेत. त्याच्या शेजारीच डचांची जुनी नगरकचेरी होती, आणि ती नगरकचेरीसुद्धा १६५३ पूर्वी शहराचे टॅव्हर्नच होती. पुढे ती मोडकळीस आल्यावर १६९७ ते १७०६ पर्यंत कारभार लव्हलेसच्या टॅव्हर्नमधून चालला.

मी गुडघे टेकून काचेतून खाली पाहत होतो आणि आजूबाजूने कचेरीला जाणारी माणसे झडपेवर पाय देऊन निघून जात होती. त्या दगडांवर कोणी छप्पर चढवलेले नाही, दालन सजवलेले नाही. वाटसरू, रोज त्या बाजूने जाता तर एकदा थांबून पाहा. सकाळी काचेवर आकाशाचे प्रतिबिंब पडते आणि खालचे काहीच दिसत नाही, म्हणून दुपारनंतर जाणे बरे.

वाटसरू :

लाज वाटते, पण त्या काचेवरून मीही कित्येकदा चालत गेलो आहे आणि ती गटाराची झडप समजत होतो. उद्या परतताना थांबतो.